फौजीभाऊ, तुम्ही चिंच मागितली होती

फौजीभाऊ,

सप्रेम जय भीम.

तुमचं नाव लिहीत नाही. गाडीला किक मारता मारता तुम्हीच म्हणाला होता, "ताई, कुठं नाव-गाव टाकू नका, साहेब लोक विचारत बसतात." तेवढं पाळते. पण हे पत्र लिहिल्याशिवाय काही आता राहवत नाही. परवा सिनेमातलं आणखी एक मोठं माणूस गेलं. सकाळी फोन उघडला तर सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो, एकच काळी पट्टी. आमच्या गल्लीतल्या ज्या पोट्ट्याला स्वतःच्या आजोबाचं नाव विचारलं तर डोकं खाजवावं लागतं, त्यानंही 'एका युगाचा अंत' लिहिलं होतं. मला तुमची आठवण झाली.

६ फेब्रुवारी २०२२. सकाळी लता मंगेशकर गेल्या. टीव्हीवर बातमी सुरू झाली आणि तासाभरानं आमच्या घरात बाबा गेले. बाबांना काही फार त्रास झाला नाही. चहा मागितला, चहा येईपर्यंत मान टाकली.

त्या बाईबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही, हे आधीच सांगते. बाबांचा जीव होता त्यांच्या गाण्यांवर. कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला चौकीदार होते तेव्हा उशाशी ट्रान्झिस्टर असायचा, बॅटरी संपत आली की सेल उन्हात वाळत घालायचे. १९६२ च्या युद्धानंतर, ६३ च्या जानेवारीत दिल्लीला पंडित नेहरूंपुढं लतादीदींनी जे गाणं म्हटलं, ते लागलं की बाबा बोलणं थांबवायचे. ते गाणं ऐकून भरती झालो, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. "घरी खायाले नव्हतं म्हणून गेलो," एवढंच. सागरला ट्रेनिंग झालं, महार रेजिमेंट मिळाली, आणि १९७१ च्या डिसेंबरात पूर्वेकडच्या चिखलात उतरले. लढाईचं विचारलं की जळवांचं सांगायचे. ढाका त्यांनी पाहिलंच नाही. "आमी पोचाच्या आंधीच त्याईनं हात वर केले," असं म्हणून हसायचे. ९३ हजारांनी शरणागती पत्करली त्या युद्धातला आमच्या घरातला हा एक माणूस, बूट ओले झाल्याची तक्रार करणारा.

तर त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवरचा अंत्यविधी टीव्हीवर दाखवत होते. पंतप्रधान आलेले, तिरंगा, सलामी. शेजारच्या घरात अख्खी गल्ली दाटली होती आणि आमच्या अंगणात अकरा माणसं. मी मोजली होती. दुःखात माणूस काय काय मोजतं! बाबांच्या पायथ्याशी बसलेली माझी माय मध्येच म्हणाली, "त्या बाईले अग्नी देला का वं?" मला राग यायला हवा होता, आला नाही. दोघांचं दुखणं तिच्यासाठी एकाच दिवसाचं होतं.

राग आला तो दुसऱ्यांचा. सैनिकांसाठी म्हणून जे कार्यालय आहे तिथल्या एका साहेबांचा नंबर खटपट करून मिळवला. ते म्हणाले, "ताई, आज रविवार, उद्या सुट्टी, दुखवटा आहे. मंगळवारी अर्ज द्या." उद्याची सुट्टी खरीच होती, सरकारनं जाहीर केली होती. पण मंगळवारपर्यंत माणूस ठेवायचा कुठं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. दर नोव्हेंबरला बाबा हयातीचा दाखला द्यायला जायचे. रांगेत उभं राहून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे, वर्षानुवर्षं. मेले तेव्हा मात्र कुणाला खबर नव्हती.

आणि आमचे ते पुढारी! दर १५ ऑगस्टला बाबांना शाल-श्रीफळ, एक फोटो, तो फोटो पेपरात. त्यांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी त्यांनी लतादीदींवर मोठा लेख टाकला, खाली दोनशे जणांनी हात जोडले. आमच्याकडं मात्र ते चौथ्या दिवशी आले, तेही कुणीतरी टोकलं म्हणून. शाल घेऊन आले होते. कुणाला पांघरायची होती कोण जाणे.

तुम्ही कसे आलात हे आठवलं की अजून नवल वाटतं. एसटीचा संप चालू होता. माझा भाऊ बुटीबोरीहून निघून पुलगाव स्टेशनला उतरला तेव्हा रात्र झाली होती. ऑटोवाला तीनशे म्हणत होता. तुम्ही सुट्टीवर घरी चालला होता, अंगावर साधा जॅकेट, मागं बांधलेली पेटी. पेटी पुढं घेतली आणि त्याला बसवलं. वाटेत कळलं की बाप गेलाय आणि बाप फौजी होता. तुमचं गाव आमच्या फाट्यावरून डावीकडं. तुम्ही गाडी उजवीकडं वळवली.

अंगणात येऊन तुम्ही आधी बूट काढले, बाबांच्या पायाशी गेलात, आणि मग विचारलं, "कोणती पलटन बाबांची?" दिवसभरात किती वाजता गेले, काय झालं होतं, बीपी होता का, दवाखान्यात नेलं का, हे शंभर वेळा सांगून झालं होतं. पलटन कुणी विचारली नव्हती. मी महार म्हटल्यावर तुम्ही ताठ झालात. तुम्ही गार्ड्स रेजिमेंटचे, कामठीचे, हे मला मागून कळलं.

कुणीतरी ग्रामपंचायतीतून तिरंगा आणला होता. आमच्या पोरांचा हट्ट, बाबांवर घालायचाच. तुम्ही त्यांना बाजूला घेऊन समजावलं की सरकारी किंवा लष्करी इतमाम असेल तरच झेंडा पांघरता येतो, आणि तोसुद्धा केशरी पट्टा डोक्याकडं करून. नाहीतर तो मान राहत नाही, अपमान होतो, आणि तसा कायदाही आहे. पोरं हिरमुसली. मग तुम्ही म्हणालात, "झेंडा राहू द्या. बाबांचं सामान कुठं आहे?"

सामान म्हणजे पत्र्याची एक ट्रंक. तिच्यात बॅरेट म्हणजे फौजी टोपी, जाड पट्टा, आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात चिंधीत गुंडाळलेली पदकं. पट्ट्याचं पितळी बक्कल हिरवं पडलेलं. पदकं तर अशी काळवंडली होती की त्यांवर काय लिहिलंय तेही दिसत नव्हतं.

"ताई, चिंच आहे का घरात?"

मला वाटलं, स्वयंपाकाचं काही बोलताय. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे या माणसाला ठाऊक नाही का, असंही मनात आलं. "ब्रासो पॉलिश असता तर काम झालं असतं," तुम्ही म्हणालात, "चिंच अन् राख चालते." मी वाटीत चिंच भिजवून दिली, चुलीतली राख चाळून दिली. ओसरीवरच्या बल्बखाली तुम्ही मांडी घातली. तिथं पडलेली एक लग्नपत्रिका घेतली, तिच्या जाड कागदाला कात्रीनं फट पाडली आणि ती पदकाच्या वर, फितीच्या खाली सरकवली, म्हणजे फितीला डाग लागत नाही. मग बाबांचाच जुना दातांचा ब्रश. आधी चिंच, मग राख, मग कोरडं फडकं. एक झालं की उजेडाकडं धरून बघायचं, पसंत नसलं की पुन्हा. घाई नाही. आत बाया रडत होत्या, शेजारच्या टीव्हीवर तीच तीच गाणी चालली होती आणि तुम्ही घासत होता.

मध्येच मला बोलावलंत. "ताई, हे वाचलं का कधी?" गोल पदकाच्या कडेवर तुम्ही मोबाईलचा टॉर्च धरला. पैशाच्या जाडीएवढी ती कडा, तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. बाबांचा नंबर, हुद्दा, नाव. नावात एक अक्षर चुकलेलं. तुम्ही तो नंबर अंक अंक करून वाचलात, मी मागं मागं म्हटला.

भाऊ, मला लता मंगेशकरांचा वाढदिवस पाठ आहे. २८ सप्टेंबर. शाळेत भाषण केलं होतं त्यावर. आणि ज्या नंबरानं माझा बाप सतरा वर्षं हाका ऐकत होता, जो नंबर घेऊन तो लढाईत गेला, तो आमच्या घरातल्या डब्यात जवळपास पन्नास वर्षं पडून होता आणि आम्ही कडा उलटून पाहिली नव्हती. लहानपणी त्या पदकांनी मी भातुकली खेळले आहे, ताटल्या म्हणून. साहेबांना आणि पुढाऱ्यांना मी वर बोलले ते बोललेच, मागं घेत नाही. पण त्या रात्री ओसरीवर मला पहिली लाज माझी वाटली.

पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली, तेव्हा आमच्या घरांच्या खिडक्या थरथरल्या होत्या. ती विझवायला गेलेले अधिकारी, जवान, आगीच्या बंबावरची माणसं मेली. इतक्या जवळ राहून मला त्यातलं एकही नाव सांगता येत नाही. जून २०२० मध्ये १४ तारखेला मुंबईत तो तरुण नट, सुशांतसिंह राजपूत, गेला आणि दुसऱ्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान. त्या नटाचा काय दोष, बिचाऱ्याच्या मरणाचा तर चॅनलवाल्यांनी तमाशा केला. पण तो तमाशा आम्ही महिनोन्‌महिने जेवताना पाहिलाच ना? त्या वीसांपैकी किती नावं आपल्याला येतात?

बाबांना हे नवं नव्हतं. २७ जून २००८ ला फील्ड मार्शल माणेकशा वारले, तिकडं तामिळनाडूत, वेलिंग्टनला. ७१ ची लढाई ज्यांनी जिंकून दिली त्यांच्या अंत्यविधीला पंतप्रधान नव्हते, संरक्षणमंत्री नव्हते, तिन्ही दलांचे प्रमुखही नव्हते. बाबांनी पेपर वाचला, घडी घातली. मग दाढी केली, लग्नातला कोट चढवला, पाऊसपाण्याचे दिवस असूनही, आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिले. माय म्हणे, काऊन बसले असे? ते म्हणाले, "साहेब गेले." आम्ही समजलो जिनिंगचे साहेब.

सकाळी ७ फेब्रुवारी, म्हणजे रमाई जयंती. वस्तीत निळ्या पताका आदल्या दिवसापासूनच लागल्या होत्या, बाया पांढऱ्या साड्या नेसून तयार. लाऊडस्पीकर बंद ठेवला आणि सगळ्या तशाच आमच्या मागून निघाल्या. बाबांच्या डोक्यावर बॅरेट, पोटावर पट्टा, छातीवर पदकं. पांढऱ्या कपड्यावर ती अशी चकाकत होती की बघ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "हे कवा भेटले याले?" त्रिशरण-पंचशील झालं. मग तुम्ही पेटीतून काढलेल्या वर्दीत पुढं आलात, नंबर, हुद्दा, नाव मोठ्यानं घेतलं, सॅल्यूट केला आणि बाबांच्या रेजिमेंटची गर्जना दिलीत. "बोलो हिंदुस्तान की जय." सॅल्यूटचा व्हिडीओ पोरांनी काढला, तो गावभर फिरला, साहेबांपर्यंतही गेला म्हणतात. लोक मला भेटले की त्या सॅल्यूटचंच बोलतात. मी मान हलवते. माझ्या डोळ्यांपुढं ती फट पाडलेली लग्नपत्रिका असते.

अग्नी द्यायच्या आधी तुम्ही एक एक पदक काढलंत, रुमालात ठेवलंत आणि तो रुमाल दोन्ही हातांनी मायला दिलात. माय कुणाकडून काही घेताना नेहमी पदर पुढं करते. त्या दिवशी तिनं हात पुढं केले.

रुमाल तुमचाच आहे, तो परत द्यायचा राहिला. पदकं आता डब्यात नाहीत, भिंतीवर काचेत आहेत. दर ६ फेब्रुवारीला माय ती खाली उतरवून घेते आणि चिंच मागते. तिचे हात थरथरतात, फितीवर डाग पडलेत दोन-तीन, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. नंबर तिला पाठ आहे, मलाही, माझ्या पोरीलाही. पोरगी तो पाढ्यासारखा म्हणते.

तुम्ही सध्या कुठं आहात ठाऊक नाही. भावाकडचा तुमचा नंबर लागत नाही. सुट्टीवर आलात आणि हे कुणी वाचून दाखवलं, तर फाट्यावरून उजवीकडं वळा. मायचा एकच प्रश्न असतो तुमच्याबद्दल, दर वर्षी तोच, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. रात्रभर तुम्हाला काळा चहा दिल्याचं आठवतं, दोनदा की तीनदा. माती आटोपून तुम्ही तसेच गाडीवर बसलात.

ती विचारते, "ते लेकरू जेवलं होतं का वं त्या दिवशी?"

जेवला होतात का, भाऊ?

तुमची,
हवालदाराची थोरली