घोड्याचं तोंड फक्त वयासाठीच उघडायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला मी लहानपणी वडिलांच्या मागे जायचो, आता माझी मुलं माझ्या मागे येतात. बाजारात आलेल्या प्रत्येक घोड्याचा ओठ दिवसातून कितीतरी वेळा वर होतो. आदत (दुधाच्या दातांचा) आहे, चौसा (चार पक्के दात आलेला) आहे, की जुळला (सगळे पक्के दात आलेला), एवढं बघायचं आणि सौद्याला बसायचं. पटाशीच्या, म्हणजे पुढच्या दातांच्या, मागे हात घालून दाढा बघणारा माणूस मला चाळीस वर्षांत त्या बाजारात भेटला नाही.

याचा फटका आम्हाला दोन वर्षांपूर्वी बसला. आमची पंचकल्याणी घोडी ऐन लग्नसराईत वाळायला लागली. कडबा चावायची आणि अर्धवट चघळलेले ओले गोळे खाली टाकायची. तोबऱ्यातला हरभरा सांडायचा, लिदीत अख्खा दाणा दिसायचा. लगाम ओढला की मान झटकायची, म्हणून पोरांनी तिला अडेलतट्टू ठरवलं. जंताचं औषध झालं, ताकदीची बाटली झाली, तीन महिने गेले. तोंडात कोणी पाहिलं नाही, आम्हीही नाही. शेवटी पुण्याकडून दुसऱ्याच्या घोड्यासाठी आलेल्या एका पशुवैद्यकाने तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबड्यात लोखंडी चौकट अडकवली आणि मला हात घालून बघायला सांगितलं. वरच्या दाढांची बाहेरची धार सुरीसारखी लागत होती. गालाला आतून जखमा होत्या. लांब दांड्याच्या कानशीने त्यांनी धार घासली, अर्ध्या तासात काम झालं. पंधरवड्यात घोडी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संपवायला लागली. मारकुटी म्हणून तिला मी दोनदा चाबूक लावला होता, तो अजून आठवतो.

असं का होतं, ते त्यांनीच समजावलं. घोड्याची दाढ माणसासारखी वाढून थांबत नाही. ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर हिरडीबाहेर सरकत राहते आणि चरण्याने तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहून धारदार होते. माळावर दिवसभर चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा फिरतो, तिथे झीज बरी होते. दाणा चावताना तो वर-खालीच जास्त हलतो. आपल्याकडे माळ उरले नाहीत, पाऊस दगा देतो, मग घोडा दावणीला कडबा आणि चंदीवर. म्हणजे हा त्रास आपल्याच भागात जास्त असणार. वर्षातून एकदा तोंड तपासायला हवं. अडीच ते पाच वर्षांच्या तरुण घोड्याचे दुधाचे दात पडत असतात, त्याचं सहा महिन्यांनी. पहिल्या दाढेपुढे कधीकधी एक छोटा फालतू दात येतो आणि तो लगामाच्या कडीला लागतो. तो लगाम चढवण्याआधीच काढलेला बरा.

आता हे लिहायचं कारण. माझी मुलगी बारावीला आहे, तिला पशुवैद्यक व्हायचं आहे, आणि घोडीचं ते काम पाहिल्यापासून तिला घोड्याच्या दातांचंच शिकायचं आहे. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हे मराठवाड्याचं भाग्य. साडेपाच वर्षांची पदवी तिथे होईल. पण दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी रोज येते, घोडा क्वचित. हात कुठे बसणार?

गावातल्या एक-दोन पोरांना मोबाईलवर परदेशातल्या काही आठवड्यांच्या कोर्सची भुरळ पडली आहे. त्यांना कळकळीने सांगतो, तिकडचं प्रमाणपत्र घेऊन इथे गुंगी देऊन दात काढता येणार नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. ब्रिटनमध्येसुद्धा परीक्षा पास झालेला दंत-तंत्रज्ञ ठरावीकच कामं करतो, गुंगी पशुवैद्यकच देतो.

आणि पोटाचं काय? खोटी आशा दाखवणार नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ ला साडेतीन लाखांच्याही खाली आले. नुसत्या दातांवर मराठवाड्यात कुणाचं घर चालणार नाही. मात्र पदवीवर हे कौशल्य असेल तर पुण्या-मुंबईची रेसकोर्स, पुण्याजवळचे स्टड फार्म, लष्करातल्या जनावरांची निगा राखणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर ही दारं आहेत. इथे राहून गायी-म्हशींच्या कामाबरोबर वरातीचे घोडे, वीटभट्टीची गाढवं, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा तबेला एवढं तरी आहेच.

माफसूने, म्हणजे आपल्या राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची मदत घेऊन परभणीत किंवा उदगीरला पदवीधरांसाठी हाताने करायचा छोटा अभ्यासक्रम काढावा. पशुधन पर्यवेक्षकांना निदान तोंड तपासून वेळेत पुढे पाठवायला शिकवावं. नालबंदांनाही बसवावं, घोडा सगळ्यात आधी त्यांच्याच हाताखाली येतो. आणि शिकायला घोडे कुठून आणायचे, हा प्रश्न माळेगावात सुटतो. मार्गशीर्षात शेकडो घोडे एका माळावर असतात. जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनाशेजारी दात-तपासणीचा एक मांडव टाकला तर विद्यार्थ्यांचा हात बसेल आणि जनावरांची सुटका होईल.

येत्या यात्रेत तो मांडव पडला, तर माझी तिन्ही जनावरं पहिल्या दिवशी सकाळीच रांगेत उभी असतील. जबडा धरायला मी आहे, कंदील धरायला मुलगी.

आपला,
एक घोडेपाळ शेतकरी
ता. लोहा, जि. नांदेड