बोलण्याची वाट पाहू नका

महोदय,

जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनानिमित्त आपण प्रसिद्ध केलेला लेख (२ एप्रिल) वाचला. लेख समजूतदार आहे, पण ‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबावे’ हा त्यातील सल्ला पटला नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांनी आणि एका डॉक्टरांनीही हेच सांगितले. आम्ही थांबलो, त्यात दीड वर्ष गेले.

स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये होत नाही. ते मुलाचे वागणे पाहून आणि पालकांशी बोलून होते. बोलणे हे त्यातले एकच लक्षण. हाक मारल्यावर मूल वळून पाहते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, नजरेला नजर देते का, हे दीड वर्षाच्या आसपासच दिसू लागते. (आमचा मुलगा पंख्याकडे तासन्‌तास पाहायचा, आम्हाला त्याचे कौतुकच होते!) वाणी-उपचार (स्पीच थेरपी) व व्यवसायोपचार (रोजची कामे व हालचाली शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करण्यासाठी अंतिम निदानाची किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची असते. त्या तपासणीत वजन-उंचीबरोबर वरचे तीन प्रश्न प्रत्येक आईला विचारले जावेत, आणि शंका आल्यास मुलाला लगेच जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (जिथे अशा मुलांची पुढची तपासणी व उपचार होतात) पाठवावे. त्यासाठी ना यंत्र लागते, ना वेगळा निधी.

– एक पालक, सातारा