बार्शी स्टँडसमोरच्या मोबाईलवाल्या दादांना

दादा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, उगाच कंपनीवाल्यांचा त्रास नको तुम्हाला. मी त्या बटणाच्या फोनवाल्या मावशींची मुलगी.

आईच्या फोनमध्ये इंटरनेट नाही, तिला नकोही आहे. मला फोन, मामाला फोन, दूधवाल्याला मिस्ड कॉल, संपलं. तरी तिच्या गळ्यात कायम रोजच्या डेटाचाच पॅक, तोही २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज, हा महिना कुठल्या पंचांगातला ते कंपनीलाच ठाऊक. त्यात कुठलं तरी बटण दाबलं गेलं म्हणून कॉलर ट्यून सुरू झाली आणि मेन बॅलन्समधनं पैसे जायला लागले. अशी सेवा चालू करायची तर ग्राहकाला दोनदा विचारायचं असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम २०१३ पासून आहे म्हणे, आईला तर एकदाही कुणी विचारलं नाही.

कस्टमर केअरला लावला तर आधी अर्धा वेळ गाणं, मग एक मॅडम म्हणतात ॲपमध्ये जाऊन बंद करा. अहो बटणाच्या फोनवर ॲप?? कंपनीच्या मोठ्या एसी दुकानात गेलो तर तिथला टायवाला पोरगा आईकडे बघेचना, माझ्याशीच बोलत होता, "आजींना स्मार्टफोन घेऊन द्या ना आता." आजी समोर बसलेली, ऐकू सगळं येतं तिला.

आणि तुम्ही! नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅक मिळतो हे आम्हाला पहिल्यांदा तुमच्याकडनं कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितल्यावर कंपन्यांना तो आणावा लागला, पण यादीत असा तळाला टाकलाय की शोधणाऱ्यानं दमून डेटावालाच मारावा. कॉलर ट्यूनही १५५२२३ वरनं बंद करून दिलीत.

पण दादा, आभार त्याचे नाहीतच खरं तर. मी तुमच्याशी बोलत होते आणि तुम्ही मला हातानंच थांबवलंत, काउंटरच्या बाहेर आलात, आईशेजारच्या स्टुलावर बसलात आणि फोन तिच्याच हातात ठेवून म्हणालात, "मावशी, तुम्ही दाबा, मी नंबर सांगतो." गिऱ्हाईक खोळंबलेलं, एकजण कव्हरसाठी ओरडत होता, तरी तुम्ही घाई केली नाहीत. एक आकडा चुकला तर म्हणालात "असू दे, पुन्हा." आई घरी येईपर्यंत "मी बंद केलं, मी बंद केलं" करत होती हो. बाबा गेल्यापासून तिच्याशी असं सरळ तिच्याकडे बघून बोलणारी माणसं कमीच झालीत, सगळे माझ्याकडे बघून तिच्याबद्दल बोलतात. अशी चार माणसं गावात असली ना, तर आम्ही पुण्यात बसून एवढी काळजी करणार नाही.

वरचे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत, ते मात्र चुकलंच तुमचं. आता आईनं भिशीत सगळ्यांना सांगितलंय आणि त्या सगळ्या जणी आपापले बटणाचे फोन घेऊन येणारेत तुमच्याकडे. त्यांच्याकडनं घ्या.