तिळूचं वजन करणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, निघताना तुम्हीच म्हणाला होतात ना की सरकारी नोकरी आहे ताई, नावबिव कुठं टाकू नका. पण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, दारातच म्हशी अडकवायचा लोखंडी खोडा असलेला जो जनावरांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांचे मला चारचौघांत आभार मानायचेत. परत येऊन बरेच दिवस झाले तरी घरात तुमचा विषय निघाला की माझा आवाज बदलतो, त्यामुळे हे लिहूनच काढते.

वाचणाऱ्यांना आधी सांगते. तिळू ही आमची गिनी पिग, म्हणजे कुरतडून खाणारा, बिनशेपटीचा छोटा पाळीव प्राणी. पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून तिळू, आणि तिच्यासोबतची तपकिरी ती गूळ. गिनी पिगला एकटं ठेवू नये म्हणतात, म्हणून दोघी. माझी लेक तिसरीत आहे, सकाळी उठल्या उठल्या त्या दोघींना कोथिंबीर घालणं हे तिचं काम. फ्रीजचं दार उघडलं की दोघी जी शिट्टी मारतात ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते.

पावसाळा संपता संपता तिळूला झटके यायला लागले. मागच्या पायानं पाठ खाजवता खाजवता ती एकदम आडवी पडायची, मान मागं जायची, पाय झाडायची, डोळे उघडे पण नजर कुठंच नाही. मग थोड्या वेळानं शांत व्हायची, तोंडाशी लाळ, आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. ज्यांनी हे बघितलंय त्यांनाच कळेल की हाताच्या ओंजळीत मावणारा जीव असा तडफडताना बघून काय होतं. लेकीनं पिंजऱ्याशेजारी गादी टाकली आणि तिथंच झोपायला लागली. रात्री खसफस झाली की "आई, आली गं परत" अशी हाक. शेजारच्या काकू बिचाऱ्या चांगल्या मनानं सांगायच्या की कांदा फोडून हुंगवा, चप्पल लावा नाकाला. त्यांचं मला काही वाटलं नाही, त्यांना काळजी होती.

वाईट वाटलं ते दवाखान्यांचं. पुण्यासारख्या शहरात, जिथं कुत्र्यामांजरांची एसी क्लिनिकं गल्लोगल्ली झालीत, तिथं एका ठिकाणी आम्हाला काउंटरवरूनच सांगितलं की उंदीर बघत नाही आम्ही. दुसऱ्या ठिकाणी आत घेतलं, तिळूला टोपलीतून बाहेरसुद्धा न काढता म्हणाले, यांचं आयुष्यच तेवढं असतं, ही गेली तर दुसरी आणा, काय सहाशे-सातशेला मिळते. माझी लेक शेजारी उभी होती हो. तिच्यासमोर. अजून एका ठिकाणी इन्फेक्शन असेल म्हणून अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं, किती द्यायचं विचारलं तर "लहानच आहे, अंदाजे अर्धा ड्रॉपर". ते पोटात गेल्यावर तिळूचं खाणंच बंद झालं, पोट बिघडलं. नंतर तुमच्याकडून कळलं की ही औषधं गिनी पिगला तोंडावाटे द्यायचीच नसतात, पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यातच जनावर जाऊ शकतं. फी पूर्ण घेतली होती, पावतीसकट. एकानंही, डॉक्टर, एकानंही असं म्हटलं नाही की मला या प्राण्यातलं माहीत नाही, मी विचारून सांगतो.

दिवाळीला माहेरी जायचं होतं, घरी ठेवायला कुणावर विश्वास नव्हता, म्हणून दोघींना टोपलीत घेऊन आम्ही निघालो. गावी पोचलो आणि संध्याकाळी तिळूला लागोपाठ झटके आले. भाऊ म्हणाला, अगं आपला गुरांचा डॉक्टर आहे ना, त्याला दाखवू. खरं सांगायचं तर आशा नव्हती. म्हशींचे डॉक्टर गिनी पिगला काय बघणार. पण सकाळी गेलो. वसुबारस होती. कुणी गाभण गाय घेऊन आलेलं, कुणाच्या शेळीचं पोट फुगलेलं, एक आजोबा रेडकाला दोरीनं धरून बाकड्यावर बसलेले, आणि मी वेताची टोपली घेऊन. टोपलीतच तिला झटका आला तसे ते आजोबा उठले, रेडकू बाजूला घेतलं आणि आत आवाज दिला, "डॉक्टर, आधी ह्या पोरींचं बघा, लई तडफडतंय ते." मागचं कुणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. त्या आजोबांनाही हे पत्र.

तुम्ही बाहेर आलात, हात धुतलेत, टोपलीपाशी चक्क खाली बसलात. पहिलं काय बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "कॉलेजात लॅबमध्ये बघितलेत हे, उपचार कधी केलेले नाहीत. पण बघू की. नाव काय हिचं?" आणि केसपेपरवर तिळू असं लिहिलंत. मला तिथंच रडू यायला लागलं होतं.

तिला कुणी घट्ट धरू दिलं नाहीत, तोंडात काही घालू दिलं नाहीत, नुसता टॉवेल दोन्ही बाजूंनी लावायला सांगितलात, पंखा बंद केलात, खिडकी ओढून घेतलीत, आणि झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघत बसलात. मग तुमचं लक्ष माझ्या मनगटाकडं गेलं. "हातावर हे काय झालंय ताई?" लाल पुरळ होतं, खाज यायची, मी त्याला वेगळं क्रीम लावत होते, साबण बदलला म्हणून असेल असं सगळे म्हणत होते. तुम्ही लेकीची कोपरं बघितलीत, तिथंही तेच. मग विचारलंत की झटका येतो तो खाजवताना येतो का. इतक्या ठिकाणी फिरलो, हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. तिच्या पाठीवरचे केस बाजूला करून खालची जाड पिवळट खपली दाखवलीत, थोडी खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि लेकीला स्टुलावर चढवून तिलाही दाखवलंत. ते किडे हलताना बघून ती ओरडलीच. खरूज. गिनी पिगला होणारी खरूज, जी इतकी भयंकर खाजते की नुसत्या खाजेनं जनावर झटके येऊन पडतं. ज्याला आम्ही मेंदूचा काहीतरी आजार समजून रात्री जागवत होतो ते कातडीत होतं. सगळ्याच झटक्यांचं कारण हे नसतं, ऊन लागून येतात, कानाच्या आतल्या इन्फेक्शननं, रक्तातलं कॅल्शियम उतरून येतात, हे पण तुम्हीच समजावलंत, पण आधी कातडी बघायला हवी होती इतकं तर शहरातल्या कुणाला सुचायला हरकत नव्हती.

मग तुम्ही शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या तुमच्या मित्राला फोन लावलात, आमच्यासमोर, स्पीकरवर. मोठा माणूस, खुर्चीत बसलेला, बाहेर रांग, आणि लहान मुलासारखं विचारत होता की डोस किती, दुसरा कधी, जोडीच्या पिल्लाला पण द्यायचा का. त्यांनी सिरप बंद करायला सांगितलं ते तेव्हाच.

आणि आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहायला घेतलं ते.

औषध तुमच्याकडं होतं, गुराढोरांना रोजच देता तुम्ही ते. पण त्यातला 1 मिली म्हणजे 50 किलोच्या जनावराचा डोस. तिळूला द्यायचा तो सिरिंजवरच्या रेघेतही मावत नव्हता, त्यामुळे पातळ करून, इन्शुलिनच्या सिरिंजनं, आणि वजनाच्या हिशोबानं. (हे कुणी वाचून घरी करू नका, हात जोडून सांगते.) तुमच्या दवाखान्यात काटा होता पण तो जनावरांचा, त्यावर तिळू ठेवली तर शून्यच दाखवणार. मला वाटलं आता अंदाजे देणार. मी मनाची तयारी पण केली होती, कारण आजवर सगळ्यांनी अंदाजेच दिलं होतं. तुम्ही खिशातला घडी केलेला रुमाल काढलात, तिळूला त्यात घेतलंत, छातीशी धरलंत आणि शिपायाला म्हणालात, "आलोच दोन मिनिटांत." रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात. आम्ही मागून. दुकानात दिवाळीची गर्दी, रवा-मैदा घ्यायला बायका उभ्या, आणि तुम्ही म्हणालात, "शेठ, जरा काटा द्या, पेशंट आहे." त्या दुकानदारानं पण एक प्रश्न विचारला नाही, काटा पुसला, वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर एक प्लास्टिकची पाटी ठेवून काटा शून्यावर आणला. तिळू थरथरत होती, आकडा हलत होता, तर तुम्ही ती शांत होईपर्यंत तिच्या डोळ्यांवर हाताची सावली धरून उभे राहिलात. मग आकडा आला, तिला उचलून नुसता रुमाल ठेवून बघितलात, तो वजा केलात. 780 ग्रॅम. तळहातावर पेनानं लिहून घेतलंत.

माणसं म्हणतील यात काय एवढं. माझ्यासाठी ह्यातच सगळं होतं. कारण वजन करायचं म्हणजे हा जीव आहे, ह्याला जास्त दिलं तर हा मरेल आणि ते मला चालणार नाही, असं कुणीतरी आधी ठरवावं लागतं. ते तुम्ही ठरवलं होतंत. कुठल्याही कौतुकाशिवाय, भरल्या दवाखान्यातून उठून, भर बाजारात.

राग येतो तो याचा की हा प्राणी माणसाच्या किती उपयोगी पडलाय. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवून दिला तोही यांच्यावर प्रयोग करून. 1907 मध्ये नॉर्वेत स्कर्व्हीचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती यांच्यामुळेच, कारण आपल्यासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं. आपल्या औषधांसाठी हे चालतात, पेपरात "गिनी पिग केलं" असं आपण सहज लिहितो, आणि यातलं एखादं आजारी पडून दारात आलं तर दुसरं आणा.

नंतरचं थोडक्यात सांगते. गूळला पण डोस दिलात. फडकी उकळून उन्हात वाळवायला लावलीत, आवळा आणि ढोबळी मिरची सुरू करा म्हणालात, खात नाही तोवर सिरिंजनं भरवा. पैसे विचारले तर केसपेपरचे द्या म्हणालात, वर काही घेतलं नाहीत. पुण्याला परत आल्यावर रोज सकाळी तुमचा मेसेज यायचा, "खाल्लं का? लेंड्या टाकल्या का?" तुमची फिरती सुरू व्हायच्या आधीचा. भाऊ सांगत होता की 2022 ला गुरांवर लम्पी रोग आला तेव्हा तुम्ही वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री मोटरसायकलवरून फिरत होतात, गोठ्यात बसून असायचात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. माणूस म्हशीसाठी एक आणि आठशे ग्रॅमच्या तिळूसाठी दुसरा असा नसतो, तो एकच असतो. अशी माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत, ती रील काढत नाहीत, त्यांच्या दवाखान्याला पाटीसुद्धा धड नसते, आणि आपण त्यांना "ढोर डॉक्टर" म्हणून मोकळे होतो. ज्यांनी ज्यांनी असं म्हटलं असेल त्यांनी एकदा त्या बाकड्यावर जाऊन बसावं.

दुसऱ्या डोसनंतर झटके विरळ झाले, मग थांबले. पाठीवर केस येतायत, बारीक, मऊ. माझा आणि लेकीचा हात पण साफ झाला. परवा तिळू एकदम जागच्या जागी हवेत उडाली, अंग झटकलं, परत उडाली, आणि लेक किंचाळत आली की परत आलं, परत आलं. मी पळत गेले. झटका नव्हता. गिनी पिग खूश असले की असे उड्या मारतात, पॉपकॉर्निंग म्हणतात त्याला, किती महिन्यांत केलं नव्हतं तिनं ते विसरूनच गेलो होतो आम्ही. व्हिडिओ तुम्हाला पाठवलाय, तुम्ही नुसता अंगठा पाठवलात, बहुतेक कुठल्या तरी गोठ्यात असाल.

भेटवस्तू तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे. म्हणून भावाच्या हाती एक छोटा काटा पाठवतेय, एका ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोबत बिल आणि अर्ज आहे, तुम्हाला नाही, दवाखान्याला म्हणून. रजिस्टरला चढवून घ्या. कोंबडीची पिल्लं, ससे, कुणाचा पोपट, जे येईल त्याला होईल. आणि तिळूचं वजन आता 890 भरलंय, तेवढं तिच्या केसपेपरवर लिहून ठेवा.

तुमची आभारी,
तिळू आणि गूळची आई, पुणे