जेन्किन्सच्या परवानग्यांबाबत सूचना

सर्वांना नमस्कार,

शुक्रवारी संध्याकाळी 6 नंतर जेन्किन्सवरचे (म्हणजे कोड आपोआप तयार करून तपासणाऱ्या आपल्या सर्व्हरवरचे) 'लॉग-इन केलेला कोणीही काहीही करू शकतो' हे सेटिंग बंद करून मॅट्रिक्स पद्धत (कोणाला काय करता येईल याचा तक्ता) लागू करत आहोत. स्वतः खाते उघडण्याची सोयही बंद होईल. सुरुवातीला प्रत्येकाला जॉब (जेन्किन्सवर ठरवून दिलेले काम) पाहणे आणि बिल्ड चालवणे (म्हणजे तो जॉब सुरू करणे) एवढेच मिळेल.

जॉब बदलण्याची परवानगी मागितल्याशिवाय मिळणार नाही. कारण साधे आहे: पाइपलाइनमध्ये (जॉबच्या पायऱ्या लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये) दोन ओळी घातल्या की त्या जॉबला मिळणारा पासवर्ड बाहेर काढता येतो. बिल्डच्या लॉगमध्ये त्याजागी चांदण्या (****) दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. तोच मजकूर उलटा करून छापला तर चांदण्या पडत नाहीत. (मी करून पाहिलंय. घाम फुटला.)

अ‍ॅडमिन दोघेच राहतील. अ‍ॅडमिनला मिळणाऱ्या स्क्रिप्ट कन्सोलवरून (थेट कोड चालवण्याच्या पानावरून) सर्व्हरवर काहीही चालवता येते आणि साठवलेले सगळे पासवर्ड वाचता येतात, तेव्हा 'मला पण द्या ना' म्हणून कृपया मागे लागू नका.

स्क्रिप्टमध्ये स्वतःचा पासवर्ड लिहिला असेल तर तो आजच काढा आणि एपीआय टोकन (पासवर्डऐवजी स्क्रिप्टला द्यायची वेगळी किल्ली) वापरा. टोकन तयार होताना एकदाच दिसते, तेव्हाच जपून ठेवा. प्रत्येक कामाला वेगळे टोकन आणि ओळखू येईल असे नाव, 'टेस्ट1' नको. जुनी, न वापरलेली टोकन रद्द करा.

कोणाला कोणत्या जॉबवर काय लागते, ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा. टीम सोडून गेलेल्यांची नावेही सांगा, त्यांची खाती अजून चालू आहेत.