कुंडीतल्या जास्वंदीवर शेतातले विष नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी ओसरून ऊन तापू लागले की कोल्हापुरातल्या गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर जास्वंदीला पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) लागतो आणि पावसाने जोर धरेपर्यंत तो हटत नाही. कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात, शेंड्याची पाने आवळून त्यांचा गुच्छ होतो आणि खालच्या पानांवर चिकट थर बसून त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. रोज देवाला फूल देणाऱ्या झाडाची ही अवस्था पाहवत नाही, म्हणून माणूस जवळच्या दुकानात जातो आणि "काहीतरी जालीम द्या" म्हणतो. त्यानंतर जे घडते, त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

शहरालगतच्या एका रोपवाटिकेत मला याच किडीसाठी पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतलेले पांढरट औषध देऊ करण्यात आले. बाटलीवर औषधाचे नाव नव्हते, प्रमाण नव्हते, विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोणही नव्हता. विचारल्यावर, "उसावर मारतात तेच आहे, एक टोपण पुरे," एवढेच उत्तर मिळाले. कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार कीटकनाशक लेबल आणि माहितीपत्रकासह, बंद वेष्टनातच विकले गेले पाहिजे. लाल त्रिकोण अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा, ही खूण शेतकऱ्याला ठाऊक असते. पण सुट्या बाटलीतून औषध घरी नेणाऱ्याला आपण नेमके काय नेत आहोत हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. अशी बाटली घरात लहान मुलाच्या हाती लागली तर डॉक्टरांना तरी काय सांगणार?

शेतात फवारणी करणारा वाऱ्याची दिशा पाहतो, तोंडाला फडके बांधतो आणि फवारलेल्या रानात लगेच कोणाला फिरकू देत नाही. गॅलरीत मात्र कुंडीच्या वरच दोरीवर कपडे वाळत असतात, शेजारी तुळस असते आणि कठड्यावर पाखरांसाठी ठेवलेले पाणी असते. शिवाय यांतली बरीच औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसात भिनतात. जास्वंदीचे फूल आपण देवाला वाहतो, त्याच्या पाकळ्या-पाने घालून डोक्याचे तेल काढतो आणि त्याच फुलातला मध प्यायला शिंजीर पक्षी गॅलरीपर्यंत येतो. या झाडाच्या रसात विष भिनवणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही.

आणि एवढे करूनही कीड हटत नाही, कारण तिची रचनाच तशी आहे. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट पांढरे आवरण असते आणि त्यावरून फवारा ओघळून जातो. मादीची अंडी कापसासारख्या पिशवीत, पानाच्या बेचक्यात किंवा कळीच्या देठाशी दडलेली असतात. त्यातून निघणारी पिल्ले बारीक असली तरी चांगली चालतात आणि एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर जातात. फवारणीने वरवरचे ढेकूण मेले तरी काही दिवसांनी नवी पिल्ले बाहेर पडतात. मग माणसाला औषध कमी पडल्यासारखे वाटते आणि तो एका टोपणाची दोन टोपणे करतो.

त्या फवाऱ्यात सर्वांत आधी मरतात ते पिठ्या ढेकूण खाणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरे. त्यातल्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी तर हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, तशीच पांढरी आणि अंगभर मेणाचे धागे असलेली. फक्त आकाराने मोठी आणि चालायला चपळ. पुष्कळ लोक तिलाच 'मोठा ढेकूण' समजून चिरडतात. आपल्या जिल्ह्याला तरी मित्रकिडींचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. २००२ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा त्याला आवर घालण्यात कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा मोठा वाटा होता. त्यांच्या अळ्या असलेली उसाची पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन ठेवणारे शेतकरी अजून गावोगावी आहेत. त्याच जिल्ह्याच्या शहरात दोन कुंड्यांसाठी विषाची बाटली आणली जाते, याचे वाईट वाटते.

घरगुती उपाय सोपा आहे. त्याला फक्त चिकाटी लागते. जास्त ग्रासलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाकावेत, खाली अंगणात किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. उरलेल्या फांद्यांवर, विशेषतः पानांच्या मागे आणि बेचक्यात, पाण्याची जोरदार धार मारावी. जिथे कापसासारखे पुंजके राहतील तिथे जुना मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावे. मग एक लिटर पाण्यात सुमारे ५ मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घालून, आधी एखाद्या पानावर मारून पाहून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारावे. अंडी टप्प्याटप्प्याने फुटत असल्यामुळे दर आठवड्याला एकदा असे निदान तीन-चार वेळा करावे लागते. पहिल्याच फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसले म्हणून थांबले की सगळी मेहनत वाया जाते.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय मात्र यातले काहीच टिकत नाही. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. त्यापेक्षा खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्यावा आणि भिंतीला किंवा कठड्याला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण त्याने फुटणारी कोवळी लुसलुशीत पालवी रस शोषणाऱ्या किडींना फार मानवते. नवे रोप आणल्यावर ते दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवावे. मावा असेल तर तो बहुधा पाण्याच्या धारेनेच जातो आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात. एवढे करूनही एखादे झाड आटोक्यात येत नसेल तर ते सरळ काढून टाकून नवी फांदी लावावी. जास्वंद फांदीपासून सहज येते.

कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी शहर परिसरातल्या रोपवाटिका आणि कृषी सेवा केंद्रांतून होणारी सुट्या औषधांची विक्री तपासावी आणि ती थांबवावी, ही विनंती. आपल्या शहरातच कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी उन्हाळ्याच्या तोंडावर घरगुती बागकाम करणाऱ्यांसाठी एखादे प्रात्यक्षिक घेतले, तर ते ऐकायला या शहरात माणसे नक्की येतील. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारी ढालकिड्याची अळी यांची छायाचित्रे शेजारी शेजारी, मोठ्या आकारात आणि रंगीत पानावर छापावीत, म्हणजे ती कापून गॅलरीच्या दाराला चिकटवता येतील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर