विषय: व्हिडिओफ्लुरोस्कोपी सांगितली असताना साधा बेरियम स्वॅलो केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

पक्षाघातानंतर माझ्या वडिलांना गिळायला त्रास होतो. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो, पण ठसका लागत नाही. नेमकी हीच गोष्ट त्यांच्या स्पीच थेरपिस्टना काळजीची वाटली आणि त्यांनी व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाचे एक्स-रे चलचित्र टिपणारी तपासणी, लिहून दिली. चिठ्ठीत स्पष्ट विचारले होते, की पातळ, दाट यांपैकी काय श्वासनलिकेत जाते आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळले तर ते थांबते का. आपल्या केंद्राने ही तपासणी होते असे फोनवर सांगितले, पैसेही तिचेच घेतले आणि केला मात्र साधा बेरियम स्वॅलो, म्हणजे एक्स-रेत दिसणारे बेरियमचे द्रव पाजून होणारी नेहमीची तपासणी.

दोन्हींत बेरियम आणि एक्स-रे असतो, म्हणून त्या एक होत नाहीत. साध्या तपासणीत मुख्यतः अन्ननलिका पाहतात. आम्हाला हव्या असलेल्या तपासणीत रुग्णाला ताठ बसवून, बाजूने, तोंडापासून स्वरयंत्रापर्यंतचा भाग पाहतात. आधी थोडेसे, मग जास्त, वेगवेगळ्या घट्टपणाचे बेरियम देतात आणि गिळण्याची पद्धत बदलून काय फरक पडतो तेही तपासतात. माझ्या वडिलांच्या हातात पातळ बेरियमचा भरलेला पेला दिला आणि काचेपलीकडून तंत्रज्ञ "थांबू नका, पीत राहा" एवढेच सांगत होते. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, आवाज बसला होता. द्रव श्वासनलिकेत गेला तरी ज्याला ठसका लागत नाही अशा माणसाला असे पाजणे धोक्याचे आहे, हे तिथे कोणाच्याच लक्षात आले नाही. स्पीच थेरपिस्टही हजर नव्हते.

घशातली गिळण्याची क्रिया साधारण एका सेकंदात उरकते, म्हणून ती सेकंदाला 30 फ्रेम या वेगाने टिपावी असे या क्षेत्रातले तज्ज्ञ सांगतात. आम्हाला मिळाली ती काही स्थिर चित्रे. रेकॉर्डिंग मागितले तर ते केलेच नाही असे उत्तर आले. थेंबभर द्रव स्वरतंतूंखाली उतरला, तर तो या चित्रांत शोधायचा कुठे?

अहवालाचा निष्कर्ष आहे: "अन्ननलिका सामान्य, अडथळा नाही." श्वासनलिकेचा त्यात उल्लेखच नाही. द्रव किती खोल जातो आणि रुग्ण तो बाहेर टाकायचा प्रयत्न करतो का, हे मोजण्यासाठी 1 ते 8 अशी श्रेणी 1996 पासून प्रसिद्ध आहे. त्यातली 8 म्हणजे स्वरतंतूंखाली गेले आणि शरीराने काहीच प्रतिकार केला नाही. आम्हाला भीती आहे ती याचीच आणि त्याबद्दल अहवालात अवाक्षर नाही. उलट 'सामान्य' हा शब्द वाचून घरातले लोक वडिलांना साधे पाणी द्यायला निघाले होते. थेरपिस्टनी अडवले म्हणून ते टळले.

यंत्र किंवा माणसे नसतील तर तसे सांगायचे होते. नाकातून दुर्बीण घालून घसा पाहण्याची तपासणी 1988 पासून वैद्यकात आहे. ऐन गिळण्याच्या क्षणी तिच्यात क्षणभर काही दिसत नाही, पण किरणोत्सर्ग नसतो आणि ती रुग्णाच्या खाटेजवळही करता येते. आम्ही ती करून घेतली असती. आता वडिलांना पुन्हा एक्स-रेला सामोरे जावे लागणार.

माझी मागणी अशी आहे. पूर्ण रक्कम परत करावी. अहवालावर ही तपासणी केवळ अन्ननलिकेची होती, श्वासनलिकेत द्रव जातो का हे पाहिलेले नाही, अशी दुरुस्ती रेडिओलॉजिस्टच्या सहीने तातडीने करून द्यावी. पुढचे डॉक्टर हाच कागद पाहणार आहेत, म्हणून पैशांपेक्षा ही दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आणि स्पीच थेरपिस्ट व रेकॉर्डिंगची सोय होईपर्यंत व्हिडिओफ्लुरोस्कोपीच्या नावाने नोंदणी घेणे थांबवावे.

चिठ्ठी, पावती आणि अहवालाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपली,
रुग्णाची मुलगी